उजवी पाकळी

कोल्हापूर, शनिवार, १२ डिसेंबर १९९८

आजऱ्याकडच्या देवराईच्या संवर्धनाचं सरकारी अनुदान शेवटी सुनंदाला मिळालं. काल स्टाफरूममध्ये तिनं पेढे वाटले. मी हसून दोन खाल्ले. आतून नुसता जळत होतो.

वीस वर्षं जातोय मी त्या राईत. झाड न् झाड ओळखतो. सुनंदा कॉलेजात लागली तीच मुळी माझ्या हाताखाली. आणि माझा प्रस्ताव परत का आला? गावाचं संमतीपत्र जोडलं नाही म्हणून! मला नाही म्हणणाऱ्या गावानं तिला सह्या दिल्या. का? गोड बोलते म्हणून?

आज राहवेना, राईतल्या गुरवमामांकडं गेलो. ते म्हणाले, "सर, तुमी थेट कागूद घिऊन आलासा. बाईंनी आदी देवाला पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवी पाकळी पडली, म्हंजी देवाचा होकार, मग समद्यांनी सह्या केल्या."

उजवी पाकळी! एका पाकळीनं हरलो मी?

चिडून विचारलं, "मामा, वीस वर्षांत हे मला का नाही सांगितलं?"

मामा म्हणाले, "तुमी निस्ती झाडांची नावं इचारत हुतासा की."