राणीची डबी

शुक्रवार, माघ महिना, १९७४. हसनाबाद.

दत्तानं आज पेटीत मोहळाच्या माश्या बसवल्या, आपल्या घरातल्या पहिल्याच. राणीमाशी जाळीच्या डबीत कोंडून आत टांगली. म्हणला, "माय, तीन दिवस डबी उघडू नको. राणी अडकली की बाकीच्या जात न्हाईत."

म्हणलं, "मला कशाला सांगतो? तुझ्या माश्यांची सासू हाय का मी?"

लेक शेतात गेल्यावर झाकण उचलून पाहिलं. राणी जाळीला धडका देऊन राह्यली होती. मला माझी कौसा दिसली. सासरहून पळून आल्ती पोरगी, अन् सासऱ्याची गाडी येईपर्यंत मीच तिला कोठीत कोंडलं. आतून दार ढकलायची, बाहेर कडी वाजायची. महिन्यानं त्यांच्या विहिरीत सापडली.

डबी उघडली. दोन चावल्या, चावू दे. घडीभरात सगळ्या राणीमागं उडून गेल्या.

संध्याकाळी दत्ता म्हणला, "डबी कोणी उघडली?"

"मी."

"पण का, माय?"

ह्याला काय सांगू? त्याला अजून वाटतं, ताई पाय घसरून पडली.

पेटी बराबर तपासली. एक माशी न्हाई. तरी कान लावला की कडी वाजून राह्यली.