ज्वारीच्या जागी नोटा

बा, आज दुपारी टीव्हीवर देशाच्या मोठ्या बँकेचे साहेब बोलत होते. व्याज आणखी उतरवलं, रुपया डॉलरपुढं घसरला, पण काळजीचं कारण नाही म्हणे, महागाई आटोक्यात आहे. माझ्या ताटात ज्वारीची भाकर होती आणि ती ज्वारी मी परवाच वसमतच्या बाजारातून गव्हापेक्षा महाग आणलेली. टीव्ही बंद केला. जन्मभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, आता ठेवीच्या व्याजावर घर चालतं, आणि तेच व्याज हे लोक कापून राहिले. डोकं फिरलं, म्हणून तुला लिहायला बसलो.

तुझी मेंढरं हट्टा गावच्या मालकाच्या शेतात बसायची. लेंडीचं खत त्याच्या रानाला, बदल्यात ठरलेल्या पायल्या ज्वारी आपल्याला. ती ज्वारी बसनं वसमतच्या आपल्या खोलीवर आणायचं काम माझं. स्टँडवर उतरायचं आणि पोतं डोक्यावर घेऊन चालायचं. मी बारावीला होतो त्या वर्षी मालक म्हणाला, ज्वारीची झंझट नको, दरसाल ठरलेली रोख रक्कम देतो, सात वर्षांचा कागद करू. तू ओट्याखाली उकिडवा बसलेला आहेस. मालक म्हणतो, "काहून इतका विचार करून राहिला?" तू माझ्याकडं बघतोस. "तू शिकून राहिला, तूच सांग. सात वर्षांनी ह्या नोटांत एवढीच ज्वारी यील का?" मी म्हणतो, "व्हय, बा. नोटंच्या मागं देशाची बँक हाय."

"बँक हाय, बराबर. पण ती ज्वारी पेरती का?"

मालक हसला. मीही हसलो. कागद मीच लिहिला, चांगल्या वळणदार अक्षरात, आणि तू अंगठा दिलास.

दोन वर्षं निभलं. तिसऱ्या वर्षी तेवढ्याच नोटांत पोतं भरेना. तू आडतीपुढं उभा राहून नोटा पुन्हा मोजायचास, जणू तुझ्याच मोजण्यात चूक होती. पाचव्या वर्षी एडका विकलास, मग गाभण मेंढ्या. मी म्हणालो, मालकाकडं जा, कागद मोड. तू म्हणालास, "अंगठा दिलाय. आन् माझ्या लेकरानं लिहिलेला कागद हाय." सातव्या वर्षी शेतात बसवायला मेंढरंच उरली नव्हती. पुढं तू दुसऱ्याच्या हळद शिजवायच्या कढईखाली जाळ घालत राहिलास, त्याच धुरात खोकत खोकत जीव सोडलास.

मग मी वर्गात काय शिकवलं, माहीत आहे? पैसा हलका झाला की ज्याला द्यायचाय तो सुटतो, ज्याला घ्यायचाय तो मरतो. सरकार कर्ज काढतं, मोठी बँक नोटा सोडते, नोट हलकी होते आणि सरकारचं ओझंही. मालकाचं अगदी तसंच झालं. पोरं वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेला हमखास प्रश्न यायचा. तुझं उदाहरण मी एकदाही दिलं नाही.

घरी सगळ्यांना वाटतं, मी तेव्हा पोरगं होतो, मला काय कळणार. मीही तसंच वाटू दिलं. पण बा, त्याच आठवड्यात सरांनी महागाईचा धडा शिकवला होता. गणित माझ्या वहीत होतं. तू विचारलंस तेव्हा उत्तर मला येत होतं. स्टँडवर वर्गातली पोरं उभी असायची, डोक्यावरचं पोतं बघून "मेंढक्या आला" म्हणायची. नोटा खिशात मावतात, कुणाला दिसत नाहीत. मला ते पोतं नको होतं.

हा कागद घडी करून कपाटात ठेवून देतो. तुला वाचता येत नव्हतं. येत असतं, तर मी एवढंही लिहिलं नसतं.