आस्लाउगच्या मुकुटाचा हिरा

ती. हालवरदाजींस,

ओसमुंडचा नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळे बरे आहेत. बायकोचं डोकं तेवढं दुखतं (कारण मी). तुमचा गुडघा आणि आक्काचा खोकला कसा आहे?

परवा जेवून तुम्ही घाईने बोट गाठलीत आणि मागे इथे गोंधळ उडाला. नवरीने लग्नात घालायचा मुकुट चर्चचा, पण उजळायचा मान नवरीच्या बापाचा, म्हणजे आपल्या आस्लाउगसाठी माझा. त्या सकाळी मी चुलीशेजारी राखेने चांदी घासत होतो, बायको सायीची लापशी ढवळत होती. तोंड रिकामं राहू नये म्हणून मी तिला मुकुटातल्या हिऱ्याची हकिकत सांगत होतो: वादळात अडकलेली राणी, आपल्या गावाने तिला दिलेला आसरा, आणि जाताना तिने अंगठीतून काढून दिलेला खडा. (फ्योर्डच्या खाडीपलीकडचे लोक त्याला काच म्हणतात. त्यांच्याकडे राणी सोडा, वादळसुद्धा थांबत नाही.) वादळ दाखवताना मुकुट पातेल्यावर जरा जास्तच हलला असावा. तुम्हाला धक्क्यावर सोडून परतलो, तर हिऱ्याच्या जागी भोक!

लापशी तर संपलेली. आधी जेवायला आलेले सगळे घाबरले. मग जो तो म्हणू लागला, हिरा माझ्याच पोटात. बेरितआजी म्हणाली, "गिळतानाच वाटलं बाई, आज घशाखालून कोणीतरी राजघराण्यातलं चाललंय." शेजारचा क्नुट उशीशिवाय बसेना. पाद्रीबाबांनी ऐहिक वैभव नश्वर असल्याचं सांगितलं, पण पोटावरचा हात काढला नाही. (देवाने प्रत्येकाच्या आत आत्मा ठेवला आहे, पण त्यासाठी आजवर कोणी उशी मागितली नव्हती.) शेवटी बायकोने सगळ्यांना सुक्या आलुबुखारांचं, पोट मोकळं करणारं सार पाजलं. पुढचं शोधकार्य माझ्याकडे आलं. त्याबद्दल स्वर्गात मला खिडकीजवळची जागा मिळावी. सापडलं काय, तर पाद्रीबाबांच्या कोटाचं बटण.

आस्लाउग रडून हटून बसली आहे. "बाबा, भोकाचा मुकुट घालून मी त्या पलीकडच्या सासूसमोर उभी राहणार नाही. लग्नच मोडा!" आणि लग्न तर रविवारी.

आपला,
ओसमुंड

ता. क. इथली सगळी पोटं तपासून झाली. मग आठवलं, त्या दिवशी दोन वाडगे तुम्हीच घेतले होते. तेव्हा शनिवारी न येता गुरुवारीच या. सार तयार ठेवतो. बोटीवर मात्र कृपा करून संयम पाळा. मला पोहता येत नाही.

ता. ता. क. आस्लाउगने निरोप दिला आहे: "आतोबांना सांगा, खडा नाहीच निघाला तर चर्चमध्ये मी त्यांनाच डोक्यावर घेऊन उभी राहीन."