गिरीजच्या तुकड्याचे चार पाय

मी, फेबियन पास्कू तुस्कानो, वय ७३, हस्तकलेचा निवृत्त शिक्षक, राहणार गिरीज, ता. वसई, जि. पालघर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. ते डॉक्टर माझ्या पुतण्याच्या ओळखीचे निघाले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचाही जोडला आहे. याआधीची मृत्युपत्रं रद्द. यानंतरचं कोणी काढून दाखवलंच, तर सही नीट तपासावी.

१. घर, विहीर आणि केळीची वाडी मुलगी सँड्रा हिला. पुतण्या जॅक्सन हल्ली तब्येत विचारायला येतो आणि बघतो कुंपणाकडे. कुंपणाच्या प्रत्येक खांबाचा फोटो तारखेसह काढून ठेवला आहे.

२. बँकेतली ठेवही सँड्रालाच. माझी दिवंगत पत्नी आल्बिना हिच्या चर्चमधल्या वर्षाच्या मिस्साला तिने चुकू नये.

३. छोट्या रेल्वेचे रूळ कापायची करवत आणि रंग आमच्या मंडळातल्या इझाबेलला. माझी बारीक पक्कड आधीच तिच्याकडे आहे. विचारलं तर ती नाही म्हणेल.

४. आता मुख्य. आमचं छोट्या रेल्वेचं मंडळ आहे. प्रत्येकाने घरी चार फुटी फळीवर आपल्या गावाचा तुकडा करायचा, रूळ ठरल्या उंचीला आणायचे आणि नाताळच्या आठवड्यात हॉलमध्ये सगळे तुकडे जोडून गाडी फिरवायची. गिरीजचा तुकडा माझा. त्यातली माणसं आल्बिनाने रंगवलेली. शेजारचा अर्नाळा माझा जुना मित्र ॲल्रॉय याचा. २०१४ साली गाडी अर्नाळ्याहून आली आणि माझ्या हद्दीत शिरताच पडली. पाच वेळा पडली. पोरंटोरं हसली. तेवढ्यात ॲल्रॉय माझ्या फळीखाली वाकलेला मी या डोळ्यांनी पाहिला. विचारलं तर म्हणाला, "काही नाही रे." मला कळायचं ते कळलं. मी फळीचे चारही पाय काढून पोत्यात कोंबले, तुकडा घरी आणला आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. सबब हा तुकडा मंडळाला. पण अर्नाळ्याला कधीही जोडू नये.

५. कलम ४ रद्द. वकिलांना तुकड्याचं माप हवं होतं, म्हणून आज सकाळी सँड्राने माळ्यावरचं पोतं काढून पाय मोजले. चारही वेगवेगळे निघाले. आधी मला टेपवर शंका आली, मग सँड्रावर. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही हे व्हरांड्यात उभं करून कापलंत. व्हरांड्याला पाणी जायला उतार आहे. हॉलची फरशी सपाट आहे."

खरं आहे. लेव्हल लावून मीच कापले होते. तीस वर्षं मी मुलांना काटकोन शिकवला. सर्वांत आखूड पायाला खाली पुठ्ठ्याची घडी चिकटवलेली होती, त्यावर ॲल्रॉयच्या अक्षरात: "गिरीज, डावा पुढचा. पुढच्या वर्षी इथेच." बाकीच्या पायांना मी त्याला वेळच दिला नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुठ्ठा त्याने मागाहून येऊन लावला असेल, असंही दुपारी दोनदा मनात आलं. पण माळ्याची किल्ली माझ्याच कमरेला असते.

६. तुकडा ॲल्रॉयला, विनाअट. पाय त्यानेच नवे करावेत, मला हात लावू देऊ नये.

७. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असं वकिलांनी सांगितलं तेव्हा साक्षीला मी मुद्दाम ॲल्रॉयला बोलावलं. अकरा वर्षांनी बोलावलं आणि तो आला, बाहेर बसला आहे. आता कलम ६ मुळे त्याची सही घेता येत नाही. यामागचं कारण त्याला माझ्या मरणानंतर वकिलांकडून कळू नये, म्हणून ही सही झाली की मीच बाहेर जाऊन सांगतो.

फेबियन पास्कू तुस्कानो (सही)

आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत सरांनी ही सही केली. दुसऱ्या प्रतीवर सही राहिली आहे. सर व्हरांड्यात ॲल्रॉय यांच्याशी बोलत बसले आहेत. आम्ही त्यांना उठवलं नाही.

साक्षीदार:
१. हेमांगी पाटील, रा. होळी (सही)
२. मार्क लोपीस, रा. गिरीज (सही)

गिरीज, दि. १५ नोव्हेंबर २०२५