आगवाल्याचा एकच प्रश्न

सोमवार, ता. २

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, भिंगरी ठणठणीत आहे. फोन केला असता, पण फोन यांच्या खिशात, आणि हे घरी असले की भिंतीपलीकडे सासूबाई. त्यांचे गुडघे गेलेत, कान नाही गेले. आपलं ते बोलायचं तर कागदच बरा. वाचून झालं की फाडून टाक, मागच्यासारखं गादीखाली ठेवू नकोस.

तर झालंय असं, चौदा तारखेला भिंगरीला पाच पूर्ण होतात. मी म्हटलं होतं केक आणू, फुगे लावू, चार पोरं बोलवू, झालं. पण हे मागे साहेबांच्या घरची लिफ्ट दुरुस्त करायला गेले होते, तिथे कसलीशी पार्टी चालली होती. एक आचारी घरी आला होता म्हणे. अंगणात खाटेएवढा लोखंडी तवा मांडला, सगळ्यांच्या समोर कालथे खुळखुळवले, जाळ उडवला आणि तिथल्या तिथे भात, भाज्या, कोंबडी करून वाढली. त्याला हिबाची म्हणतात. हे घरी आले ते तेच डोक्यात घेऊन. आता तोच माणूस आपल्या अंगणात येणार आणि साहेब पण जेवायला येणार. स्वयंपाक बघायला माणसं बोलवायची! मी रोज करते तेव्हा कोणी फिरकत नाही.

ताई, मला तो माणूस सरळ वाटत नाही. काल यांच्याशी फोनवर अर्धा तास बोलला. फाटक किती रुंद, अंगणावर पत्रा आहे का, दुपारी घरी कोण कोण असतं, पोरं किती आणि केवढी. चोर पण एवढी चौकशी करत नाही. आणि शेवटी विचारलं, कुणाला काही खायचं वावडं आहे का. हे म्हणाले, आमच्याकडे दगड पण पचतात. पण हे बिचारे सांगणार तरी काय, यांना माहीतच कुठे आहे?

मला अजून तुझी ती ओसरी दिसते. दोन वर्षांची पोर, हातात तिळाचं अर्धं बिस्कीट, आणि बघता बघता ओठ टम्म, श्वास शिट्टीसारखा. डॉक्टरांनी सुई दिली, तीळ जन्मात नको म्हणाले. तेव्हा तूच म्हणालीस, सासरी बोलू नकोस, तुझी सासू पोरीला परत माझा उंबरा चढू देणार नाही. ते खरंच होतं. तीन वर्षं मी या घरात तीळ येऊ दिला नाही. वास सोसत नाही, डोकं उठतं, असं सांगून निभावलं. आता हा आगवाला कुठून उपटला?

काय करू ते कळव. माया पातळ करू नकोस.
तुझी,
धाकटी


गुरुवार, ता. ५

चि. धाकटीस,
ताईचे अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि हसून हसून सुईत दोरा ओवता येईना. अगं, चोर तुझ्या घरातून नेणार काय? तुझ्या नवऱ्याची पान्यांची पेटी का सासूबाईंची कवळी? तुझ्या घरी चोर आलाच तर दया येऊन काहीतरी ठेवून जाईल.

तू लहानपणापासून तशीच. गॅसवाला आला की पलंगाखाली, मास्तर आले की पाण्याच्या पिंपामागे. शाळा चौथीत सुटली ती पण भीतीनेच. चांगलं घर मिळालंय, नवरा हौशी आहे, साहेब जेवायला येतोय. नवं लुगडं नेस, नाहीतर मी शिवलेला तो निळा ड्रेस घाल, आणि मिरव जरा.

तिळाचं म्हणशील तर जाळावर तीळ कोण टाकतं? पण तरी त्याला विचारून घे, काय काय घालतोस म्हणून. आपलं गुपित न सांगता पण विचारता येतं. मी गिऱ्हाइकाचं माप काढताना जाणून घेत नाही का, वजन वाढलंय का असं न विचारता?

भिंगरीच्या दोन्ही गालांना माझा पापा. तिचा वाढदिवसाचा फ्रॉक पाठवतेय, काखेत थोडा सैल ठेवलाय, नाचायला.
तुझ्यावर चिडलेली आणि तुझीच,
ताई


सोमवार, ता. ९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू हसलीस, हस. काल तो घर बघायला आला होता. काटकुळा, दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग, आणि एका भुवईला केसच नाहीत. ज्याला स्वतःची भुवई सांभाळता आली नाही तो माझ्या पोरीपुढे जाळ करणार! फाटक मापलं, नळ बघितला, वाळत घालायची दोरी त्या दिवशी काढून ठेवा म्हणाला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि मला विचारलं, घरात रांधतं कोण. मी म्हटलं, मीच. तर पुन्हा तेच, कुणाला काही वावडं आहे का.

एकदा यांनी नाही म्हणून सांगितलंय ना? मग परत मला का? सासूबाई तिथेच मटार सोलत बसल्या होत्या, त्यांचा हात थांबला. मी ताडकन म्हटलं, कुणाला काही नाही. अगं, परक्या माणसाला लेकराचं वर्म कोण सांगतं? तो बरं म्हणाला, वहीत काहीतरी खरडलं आणि जाताना म्हणाला की त्या दिवशी अजून एकदा विचारीन. अजून एकदा! सांग मला, सरळ माणूस एक गोष्ट तीनदा विचारतो का?

तू म्हणालीस तसं मी पण विचारलं त्याला, काय काय घालतोस. म्हणाला, भात, अंडी, कोंबडी, कांदा, गाजर आणि माझं तेल. माझं तेल म्हणजे कसलं, ते विचारणार तेवढ्यात यांनी त्याला बाहेर नेलं. त्याची पेटी दारात उघडी होती. आतून खरपूस वास आला, ताई. ओळखीचा वाटला, खूप जुना, पण काही केल्या आठवेना. रात्रभर तोच नाकात होता.

यांना म्हटलं, नको तो माणूस, रद्द करा. हे म्हणाले, साहेबांना बोलावून झालंय, आता माझं नाक कापतेस का. म्हणून भिंगरीला समोर बसवून बजावलंय. त्या माणसाजवळ जायचं नाही, मी देईन तेच खायचं, आणि आपलं तिळाचं कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. ती मान हलवते. पण मान तर ती कशालाही हलवते.

फ्रॉक मिळाला. घालून सारखी गिरक्या घेते.
लोभ आहेच, त्यात थोडा धीर मिसळून पाठव.
तुझी,
धाकटी


गुरुवार, ता. १२

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

आता हसत नाहीये. पत्र हातात पडलं आणि त्या वासापाशी थांबले. माझ्याकडे कपडे शिवायला येते ना ती उंच बाई, तिचा नवरा हॉटेलात कोठी सांभाळतो. तिला विचारलं, तिने त्याला विचारून सांगितलं. हे तव्यावरचे आचारी शेवटी तिळाचं तेल सोडतात. सॉसमध्ये पण तीळ वाटलेला असतो. धाकटे, तो वास तिळाचा होता. तीन वर्षं घरात नाही म्हणून तुला ओळखू आला नाही.

लगेच तुझ्या नवऱ्याला फोन लावला. उचलला सासूबाईंनी. त्यांचा आवाज ऐकला आणि तोंडात आलेलं मी गिळलं. वाढदिवसाला आशीर्वाद सांगा म्हटलं आणि ठेवून दिला. तुला भित्री म्हणते, आणि मी कोण? ठेवल्यावर स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. उद्या पुन्हा लावते. पण लागला नाही तर हे पत्र तरी मिळू दे.

त्या माणसाला सांग. सासूबाईंसमोर सांगावं लागलं तरी सांग. बिस्कीट मी दिलं होतं, लपवायला मी सांगितलं होतं, माझं नाव घे. पोरगी पुन्हा माझ्या ओसरीवर नाही आली तर नाही आली. कुठेतरी गिरक्या घेत असली म्हणजे झालं.

उत्तर लिहीत बसू नकोस, आधी सांग.
तुझी,
ताई


सोमवार, ता. १६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच. भिंगरी बरी आहे. तिला काही झालेलं नाही.

तुझं पत्र आज आलं, पार्टी होऊन दोन दिवसांनी. तेरा तारखेला तू यांना फोनवर म्हणालीस ना, धाकटीला मला फोन करायला सांगा, शेगडी पेटवायच्या आधी. यांना वाटलं बहिणी बहिणींचं काहीतरी. फुगे आणायला गेले आणि विसरले. काल सांगितलं. त्यावर मी काय बोलले ते लिहीत नाही, सासूबाई पण मधे पडल्या नाहीत यावरून समज.

शनिवारी दुपारी तो आला. तवा उतरवला, बाटल्या मांडल्या. साहेब आणि त्यांची बायको खुर्चीवर, पोरं सतरंजीवर. मी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात खिडकीतून दिसलं, तो भिंगरीपुढे उकिडवा बसलाय आणि काहीतरी विचारतोय. भिंगरीने आधी तोंडावर हात ठेवला. मग त्याच्या कानाला लागली. माझ्या हातातला तांब्या पडला. बाहेर धावले तर तो उठून बाटल्या भराभर पेटीत टाकत होता. तवा ओढत फाटकाकडे चालला होता, एक शब्द न बोलता. मला वाटलं, गेला. काहीतरी करून पळतोय. त्याचा एप्रन मागून धरला आणि ओरडले, चोर, चोर, धरा याला. साहेबांची बायको खुर्चीवर चढली, ताई. उंदीर आल्यासारखी.

त्याने हात झटकला नाही. शांतपणे म्हणाला, बाई, तुमच्या मुलीने सांगितलं की तीळ खाल्ला की तिचा गळा बंद होतो, आणि आईने कुणाला सांगायचं नाही म्हटलंय. माझं तेल तिळाचं आहे, हा तवा वर्षानुवर्षं तेच प्यायलाय. हे आधी तिच्यापासून लांब नेतो, मग काय ते बोला.

हे माझ्याकडे बघतायत, सासूबाई माझ्याकडे बघतायत. मी सगळं सांगून टाकलं. तुझं नाव नाही घेतलं. पण बिस्कीट कुणाच्या घरी हे सासूबाईंना सांगावं लागलं नाही.

त्याने तवा गाडीत टाकला, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, एप्रन बदलला आणि माझ्याकडे माझा तवा मागितला. तोच, पोचा आलेला. माझं तेल, माझी सुरी. सुरी बघून म्हणाला, हिने कांदा कापायचा की त्याची समजूत घालायची. माझ्या तव्यावर तेल एका बाजूला पळतं, ते त्याला जमेना. मग मीच शेजारी उभी राहून तवा फिरवत होते, तो कालथा वाजवत होता. कांद्याच्या चकत्यांचा मनोरा रचला, मधे चमचाभर तेल घालून पेटवला, आणि वरून डोंगरातून निघावा तसा जाळ आणि धूर निघाला. पोरं किंचाळली. चार चार घास करून वाढता वाढता संध्याकाळ झाली, पण साहेबांनी दोनदा मागून घेतलं.

जाताना मी त्याची माफी मागितली आणि विचारलं, तीनदा का विचारत होता. म्हणाला, बोलावणाऱ्याला विचारायचं, रांधणाऱ्याला विचारायचं आणि खाणाऱ्याला विचारायचं. पहिल्या दोघांना लपवायला कारणं असतात. मग भिंगरीला मी म्हटलं, तुला बजावलं होतं ना, का सांगितलंस. तर म्हणे, मला आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

आता सासूबाई. काल दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. आज सकाळी बोलल्या, त्यापेक्षा न बोललेल्या बऱ्या होत्या. कळलं ते असं, दुपारी मी आडवी झाले की त्या गुपचूप नातीला खाऊ द्यायच्या, आणि पोर हात मागे घ्यायची. मी पहिल्यापासून शिकवलं होतंच तसं, मी देईन तेच खा म्हणून. तीन वर्षं त्यांना वाटत होतं की सुनेने आजीच्या हातचं खायचं नाही असं शिकवलंय. कुणाला बोलल्या नाहीत. खाऊ पदराला बांधून परत खोलीत न्यायच्या. मी भिंतीपलीकडच्या त्यांच्या कानांना भीत राहिले ताई, आणि त्या तिकडे माझ्या मनात काय आहे ते शोधत राहिल्या.

तुझ्याकडे पाठवायचं नाही असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, सुट्टीत पोर जाईल, पण बरोबर मी जाईन आणि तिचं स्वयंपाकघर बघीन. हसून म्हणाल्या, म्हणून मला जास्तच संशय येतोय. तू डबे आत्तापासून आवरायला घे, आणि ओसरीवर एक उंच खुर्ची ठेव, गुडघ्यांना.

एवढं लिहिलं आणि आत्ताच बाहेर आवाज आला म्हणून बघून आले. सासूबाई पदरातून काहीतरी सोडत होत्या. साधे भाजलेले शेंगदाणे. हात पुढे केला, मग थांबल्या, आणि भिंगरीलाच विचारलं, तुला हे चालतं का गं. भिंगरीने एक दाणा उचलून नीट उलटसुलट बघितला, चालतं म्हणाली, आणि आजीच्या मांडीवर बसून सगळे संपवले.

मी आत आले ते डोळे पुसायला. हे पत्र फाडू नकोस. गादीखाली ठेवलंस तरी चालेल.
माया होती तशीच असू दे.
तुझी,
धाकटी