खिडकीच्या मापाची दोरी

तीर्थरूप बाबांना धाकट्याचा नमस्कार.

माळ्यावरच्या खिडकीच्या मापाची दोरी पोचली. आकडे लिहिले असते तर काय बिघडलं असतं? पण चारही कोपऱ्यांच्या गाठी बरोबर निघाल्या. त्यावरून इथल्या कारखान्यात झडपा केल्या, पाठवतोय. बसवायला दादाला चढवा. तुम्ही शिडीला हात लावायचा नाही. गुडघा काय म्हणतो?

माझी खोली छान आहे, काळजी नसावी.

दोरी मात्र परत मागू नका. भिंतीत चार खिळे मारून गाठी त्यांना अडकवल्यात. सकाळी पडल्या पडल्या त्या चौकटीतून बघत राहतो. खाली आई कपडे वाळत घालते, तुम्ही रंधा मारता मारता गुणगुणता, पेरूची सावली माझ्या अंथरुणावर सरकत येते.

आईला सांगू नका, पण खोलीला खिडकी ती तेवढी एकच आहे.

तुमचा,
धाकटा