उन्हाळ्यात वाचायचे डोंगर

१३ एप्रिल २०२१, पाडवा

आज यादी लागायचा दिवस, आणि यादीचा पत्ता नाही!

पुण्यात बाबांच्या गिर्यारोहण मंडळाच्या फळ्यावर दर पाडव्याला यादी लागते. ऊन तापलं की ट्रेक बंद, मग जून येईपर्यंत घरात बसून काय वाचायचं, त्याची. पुस्तकापुढे तारे नसतात, पाण्याच्या बाटल्या असतात. अर्धी बाटली म्हणजे झपाझप होतं. तीन बाटल्या म्हणजे लांबचं, रखरखीत, दमानं घ्या. खाली सही — पद्माकर. माझे सासरे.

यंदा फळा व्हॉट्सॲपवर, आणि बाबांचं फर्मान सुटलंय की यादी आयर्लंडहून आली पाहिजे. इंग्रजी पुस्तकांची. तिथे बसूनच आहात तर उपयोगी पडा, म्हणे.

बसून आहेत त्या सासूबाई. गेल्या वर्षी फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी आमच्याकडे ॲडम्सटाउनला आल्या त्या अजून इथेच. आधी विमानं नव्हती. नंतर विमानं होती तर बाबाच म्हणाले, येऊ नकोस, इकडे कोरोना जास्त आहे. त्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लटकलंय. मग पद्धत अशी ठरली — मी इंग्रजी पान वाचून मराठीत सांगायचं, आईंनी निकाल द्यायचा, मी तो बाबांना टाइप करायचा आणि त्यांचं उत्तर वाचून दाखवायचं. बाबांना फोनवर ऐकू येत नाही, आईंना फोनवर दिसत नाही. मधली तार मी.

पुस्तकं समोरच्या नोरीननं दिली. तिचा नवरा डोंगर चढणारा होता, तीन वर्षांपूर्वी गेला. फाटकाशी पिशवी ठेवून दोन मीटर मागे सरकली. परत कधी देऊ विचारलं तर नुसतं ग्रँड, ग्रँड — म्हणजे इथलं ‘ठीक आहे, असू दे’.

१६ एप्रिल

गुहांत उतरणाऱ्या माणसाचं पुस्तक. मला आवडलं होतं. आईंनी चाळीस पानांत बाद केलं. म्हणाल्या, पाय कुठे ठेवला ते सांगत नाही, मनात काय आलं तेवढंच सांगतो. असा माणूस दोरावर नको.

ध्रुवावर तंबूत हिवाळा काढणाऱ्या तिघांचं मात्र पास. "तीनशे पानं नुसता बर्फ. वैशाखात उशाशी ठेवायला उत्तम. अर्धी बाटली."

बाबांचं उत्तर — "ठीक. नकाशा आहे का. नसेल तर बाद." कौतुक नावाला नाही!

आज एक कळलं. पुण्यातही पुस्तकं वाचून निवडायच्या त्या आईच. बाबा बाटल्यांची चित्रं काढायचे आणि सही ठोकायचे. इतकी वर्षं चालवून कसं घेतलंत, विचारलं. म्हणाल्या, त्यांचं अक्षर चांगलं आहे.

१९ एप्रिल

बाबांचं उत्तर नाही. आई म्हणतात, फोन चार्ज करायला विसरले असतील.

२१ एप्रिल

ऑफिसचा सकाळचा स्टँड-अप कॉल चालू होता आणि मोबाईलवर बाबांचं नाव. बाबा कधी फोन करत नाहीत. लॅपटॉप तसाच सोडून मागच्या अंगणात गेले.

"मध्ये बोलू नकोस, मला ऐकू येत नाही. मी बोलतो, तू ऐक." पण बोलवत कुठे होतं! दोन शब्द, मग श्वास. परवापासून हॉस्पिटलमध्ये आहेत. ऑक्सिजन लावलाय. आईंना सांगायचं नाही. "तिनं माझा श्वास ऐकला तर तिथून चालत निघेल."

मग म्हणाले, यादी चांगली होतेय. "दर वर्षी निवडायची ती आणि नाव माझं जायचं. यंदा खाली वसुधाचं नाव घाल. सांग तिला, मी म्हणालो."

मी हो हो म्हणत राहिले. त्यांना ऐकू येत नाही हे माहीत असून.

आईंना काय सांगणार? आत येऊन फोन बघून वाचल्यासारखं केलं — बाबांचा मेसेज आलाय, यंदा तुमचं नाव घालायचं म्हणतायत. आधी "काहीतरीच काय!" म्हणाल्या. मग दिवसभर गुणगुणत होत्या. संध्याकाळी लेकाला, अद्वयला, दोनदा सांगितलं. त्याला मी फोनचं सांगितलं होतं; तो हसला आणि वर जाऊन दार लावून बसला.

२६ एप्रिल

बाबा गेले. पहाटे. नरेशदादाचा फोन आला.

२७ एप्रिल

नरेशदादा अद्वयचा चुलतभाऊ. सगळं त्यानंच केलं, एकट्यानं. तोंड बघायला मिळालं नाही कुणालाच.

अद्वय म्हणतो, आईला सांगायचं नाही. तिच्या हृदयात स्टेंट आहे, बीपी आहे, लसीचा दुसरा डोस व्हायचाय. इथे तिच्या जवळचं कोण आहे? जुलैत तिकिटं मिळतील, पुण्याला नेऊ, सगळ्यांत बसवून सांगू. बाबा आजारी पडले होते, हॉस्पिटलमधून घरी आणलंय, अशक्त आहेत, एवढंच सध्या सांगू.

मला पटलं नाही. पण त्याचा बाप गेलाय. कालपासून तो धड रडलेलाही नाही, आई ऐकेल म्हणून. मी हो म्हणाले.

२८ एप्रिल

घराला सूतक आणि आई रोजच्यासारख्या देवापुढे! नोरीनच्या कुंपणातली पिवळी फुलं मागून आणली. बाबांना बरं वाटू दे म्हणून एक माळ जास्त जपल्या. मी स्वयंपाकघरात प्रेस उघडून त्यात तोंड घालून उभी होते. कपाटाला इथल्यांसारखी मीही प्रेस म्हणायला लागले आता.

दुपारी होडीतून बेटं फिरणाऱ्या बाईचं पुस्तक संपलं. दीड बाटली. मी ते खरंच टाइप केलं आणि पाठवलं. एकच करडी टिक. पुण्यात तो फोन नरेशदादाच्या कपाटात बंद पडलाय.

थोड्या वेळानं आईंनी विचारलं, काय म्हणतात? मी कोऱ्या स्क्रीनकडे बघून वाचलं — बरं आहे. पुढचं घ्या.

किती सोपं होतं! त्याचीच भीती वाटली.

६ मे

रोज उत्तरं बनवते. सुरुवातीला बाबांसारखीच — तुटक, खडूस. पण आई अशा आशेनं बघतात की हात सैल सुटतो. परवा म्हणाले, "छान निवडलंस." काल — "तुझी आठवण येते." आज तर "जेवण वेळेवर घेतेस ना" असंही म्हणून गेले.

आई म्हणाल्या, आजारपणानं माणूस मऊ होतो बघ. जन्मात कधी विचारलं नाही जेवलीस का म्हणून.

अद्वयला सांगितलं, मला हे होत नाहीये. तो म्हणाला, जुलैपर्यंत. प्लीज.

१६ मे

लॉकडाउनचं पाच किलोमीटरचं बंधन कधीच उठलंय, तरी आम्ही घरीच होतो. आज आईच म्हणाल्या, पुस्तकातले डोंगर पुरे, खरा दाखवा. डब्लिन माउंटन्सना गेलो. आमच्या मागच्या खिडकीतून दिसतात तेच. आईंना वाटलं होतं बरेच उंच असतील. वर पोचल्यावर म्हणाल्या, ही तर टेकडी! पण काठी न घेता चढल्या, चौऱ्याहत्तराव्या वर्षी. वाऱ्यानं पदर धरवत नव्हता. मला म्हणाल्या, लिही त्यांना, तुमच्याशिवाय पहिला डोंगर चढले. आणि दम लागला नाही.

लिहिलं. एक टिक.

अद्वय पाणी आणतो म्हणून गाडीकडे गेला, तो बराच वेळ आला नाही. मी बघायला गेले तर मागच्या चाकाशी उकिडवा बसून रडत होता. तीन आठवड्यांनी. मी शेजारी बसले. वरून आई हाक मारत होत्या, अरे, आलात का!

९ जून

यादी तयार. सात पुस्तकं. आईंना आता ती मंडळाच्या ग्रुपवर गेलेली हवीय — पुण्यातला उन्हाळा संपला की वाचणार कोण! पण मंडळाला बाबा गेल्याचं माहीत आहे. यादी गेली की कुणीतरी उत्तरात श्रद्धांजली लिहील आणि ते आईंच्या कानावर येईल.

मी म्हटलं, बाबा म्हणतायत आणखी एक पुस्तक हवं. आईंनी तक्रार केली नाही. नोरीनकडून आणखी एक आणलं.

२२ जून

परवा वटपौर्णिमा.

मी विसरले होते. खरंच विसरले होते, नाहीतर आधीच काहीतरी केलं असतं. गेल्या वर्षी इथे वड कुठला, म्हणून पार्कातल्या चेस्टनटच्या झाडाला सूत गुंडाळलं होतं. कुत्री फिरवणारे लोक बघत उभे होते. त्यावर आई आणि बाबा महिनाभर माझ्या फोनवरून मेसेजवर भांडत होते की चेस्टनट चालतो की नाही.

आज आई म्हणाल्या, सूत आण, आणि आंबे मिळाले तर पाच. यंदा उपास कडक करणार. आजारातून उठलेत ना.

२३ जून

अद्वयला न विचारता सांगितलं.

तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. आई ओट्याशी आंबे पुसत होत्या. नवऱ्याला आयुष्य मागायला उद्या त्या उपाशीपोटी झाडाला फेऱ्या घालणार, आणि मी ताट धरून मागे चालणार? नाही जमणार. म्हटलं, आई, बसा. आणि सांगितलं. सव्वीस एप्रिलपासूनचं सगळं. उत्तरं मी बनवत होते, तेही.

रडल्या नाहीत. आधी विचारलं, कोणी केलं? नरेशनं, म्हटलं. मग विचारलं, अद्वयला कधीपासून माहीत आहे? पहिल्या दिवसापासून. हातातला आंबा नीट खाली ठेवला.

"मला रडायलासुद्धा तुमची परवानगी लागणार होती का गं?"

मी पाय धरायला वाकले तर पाय मागे घेतले.

२४ जून

आई खोलीतून बाहेर आल्या नाहीत. चहा दाराशी ठेवला, तसाच परत आणला. अद्वय दाराबाहेर कार्पेटवर बसून आहे. तो माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही.

दुपारी आतून आवाज आला. मोठ्यानं रडत होत्या. अद्वय उठून आत गेला. मी खाली आले. सूत अजून टेबलावरच पडलं होतं.

२९ जून

बोलतात, पण कामापुरतं. मला "केतकी" म्हणतात. आधी "अगं" म्हणायच्या.

कुंकू अजून लावतात. मी बघतेय हे कळल्यावर म्हणाल्या, काय करायचं ते मी माझं ठरवीन. आता तुम्ही काही ठरवू नका.

बरोबर आहे.

३ जुलै

आज स्वतःच जवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, फोन आण. जे खरंच त्यांनी लिहिलंय तेवढं वाच. तुझं एक अक्षर नको.

वाचलं. सगळं. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासूनचं. चेस्टनटचं भांडण आलं तेव्हा हसल्या. नव्या फ्रीजवरून केलेल्या कटकटी, "ठीक", "बघू", "नकाशा आहे का". त्यांचं शेवटचं उत्तर सतरा एप्रिलचं — "दोन बाटल्या जास्त होतात. एक पुरे." त्यानंतर फक्त माझे मेसेज, प्रत्येकापुढे एक टिक.

"एवढंच?"

हो, म्हटलं.

फोन माझ्या हातून घेऊन टेबलावर पालथा ठेवला. मग मला "अगं" म्हणाल्या. अगं, जेवायचं काय करायचं? मला इतकं बरं वाटलं की पोळ्या करताना रडले.

४ जुलै

आई म्हणाल्या, आज यादी पाठवून टाक. पुण्याचा संपला, पण इथला उन्हाळा चालू आहे. खाली नाव त्यांचं घाल.

मी म्हटलं, पण बाबांना तुमचं हवं होतं. हॉस्पिटलमधून फोन करून म्हणाले होते, यंदा वसुधाचं नाव घाल.

"मेसेज म्हणाली होतीस."

फोन होता, आई. शपथ घेऊन सांगते. हे खरंच त्यांचं आहे. अद्वयही म्हणाला, खरं आहे गं. त्याच्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्या हातावर हात ठेवला.

"असू दे. ते असं कधी बोलायचे नाहीत. पण तू चांगलं लिहिलं होतंस."

यादी पाठवली. आठ पुस्तकं. खाली सही — पद्माकर.